शकुंतलेची टॉय ट्रेन नको, साधी पॅसेंजर द्या

आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून शकुंतलेचा, म्हणजे वऱ्हाडातल्या आमच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीचा, तोच व्हिडिओ फिरतो, पऱ्हाटीच्या वावरांमधून डुलत जाणारे छोटे डबे, मागे हळवं म्युझिक आणि खाली रडक्या इमोजींची रांग. परवा पुन्हा आला आणि एकाने लिहिलं की आता हेरिटेज म्हणून सुरू करा, टुरिस्ट येतील. तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर अशी ही अडीच फुटी नॅरोगेज. वऱ्हाडातला कापूस मेन लाइनला आणून मुंबईमार्गे विलायतेला धाडायचा म्हणून इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीवाल्यांनी टाकलेली. स्वातंत्र्यानंतरही रूळ खाजगी कंपनीचेच राहिले, गाडी चालवणार रेल्वे आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, भाड्याच्या घरासारखं, मग डागडुजी कोण करणार बावा? १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं, नंतर डिझेल आलं, आणि मागच्या दहा-बारा वर्षांत आधी यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी थांबली. ७६ किलोमीटरला चार तास लागायचे आणि गार्डच तिकिटं द्यायचा. व्हिडिओत हे गोड दिसतं हो, पण पेशंट घेऊन अकोल्याला निघालेला माणूस त्यात कशाला बसेल.

माझं माहेर याच अचलपूर लाइनवरचं अंजनगाव सुर्जी आणि मी राहते नवी मुंबईकडच्या उलव्यात, त्यामुळे रेल्वे नसलेला भाग आणि रेल्वे आल्यावरचा भाग असं दोन्ही बघितलंय. आमच्या इकडे पनवेलहून जासईमार्गे जेएनपीटी बंदराला मालगाड्या कितीतरी वर्षं जातायत, म्हणजे कंटेनरला रेल्वे होती पण उरणच्या माणसाला बस. मग नोव्हेंबर २०१८ ला लोकल खारकोपरपर्यंत आली आणि १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत. गर्दीच्या वेळेला गाड्या अजूनही कमी आहेत, एक चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून राहा, आम्ही रोज शिव्या घालतो ते वेगळं. पण कॉलेजच्या पोरी एकट्या ये-जा करतात, कोळणी टोपल्या घेऊन चढतात, बेलापूरची नोकरी उरणमध्ये राहून करता येते. हे कुठल्या हेरिटेजने झालेलं नाही, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी झालंय.

आता खरी गोम. उरण लाइनच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेचा, आणि ३३ टक्के रेल्वेचा. सिडकोला जमीन विकायची होती म्हणून तिने पैसे घातले, सरळ हिशोब. आमच्या अचलपूर लाइनवरच्या दर्यापूरला कोणाला प्लॉट विकायचेत? तिथे अशी कुठलीही संस्था नाही आणि म्हणूनच ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांची, घोषणा होते, सर्व्हे होतो, बजेटच्या आदल्या आठवड्यात आंदोलन होतं आणि फाइल परत जागेवर. तिथे सिडकोसारखे पैसे राज्य सरकारलाच घालावे लागतील, दुसरं कोणी येणार नाही. माथेरानची गाडी २०१९ च्या पावसात बंद पडली ती २०२२ ला पुन्हा पूर्ण सुरू केलीच ना, डोंगरात रूळ टाकून? मग सपाट काळ्या जमिनीवर अडचण काय आहे?

अजून एक, आणि यावर यवतमाळवाले चिडतील. दोन्ही बाजू एकत्र मागू नका, आधी अचलपूरची मागा. यवतमाळसाठी वर्धा-यवतमाळ-नांदेड लाइनचं काम चालू आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब गाडीसुद्धा सुरू झाली. अचलपूर-परतवाड्याला तसलं काहीच नाही. परतवाड्याची संत्री ट्रकने जातात आणि मेळघाटातला माणूस परतवाड्याला उतरून पुढे अजून पन्नासेक किलोमीटर बस करून अमरावतीला येतो तेव्हा त्याला रेल्वे दिसते. यवतमाळ लाइनवरच्या कारंजा-दारव्ह्याचा हक्क नाही असं मी म्हणत नाहीये, पण १९० किलोमीटर एकदम मागितले की आकडा बघूनच वरचे लोक फाइल मिटतात.

आणि रूळ टाकून भागत नाही, टाइमटेबल बघा. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेसला संध्याकाळी ठाण्याला बसलं की पहाटे मूर्तिजापूर येतं. तिथून अर्ध्या-पाऊण तासात अचलपूरची डेमू, म्हणजे डिझेलवरची लोकल, सुटली पाहिजे आणि रात्री मुंबईच्या गाड्यांच्या आधी परत आली पाहिजे, मधे दिवसा अकोल्यापर्यंत दोन-तीन फेऱ्या, कारण दवाखाने आणि कॉलेजं तिकडे. हे नाही केलं आणि भर दुपारी एक गाडी सोडली तर ती रिकामीच धावणार, मग दोन वर्षांनी साहेब म्हणणार पॅसेंजर नाहीत, बंद करा. एसटीशी स्पर्धा म्हणाल तर आमच्याकडचे लोक आनंदाने दोन्ही वापरतील, लग्नसराईत तर एसटीत उभं राहायलाही जागा नसते.

हेरिटेजवाल्यांना एक जुना डबा मूर्तिजापूर स्टेशनबाहेर रंगवून ठेवा, सेल्फी काढा, माझी काही हरकत नाही.

दर्यापूर, बनोसा, पथ्रोटकडचं कोणी लिस्टमध्ये असेल तर खाली सांगा, हल्ली पहाटे मूर्तिजापूरला उतरल्यावर पहिली एसटी कितीला मिळते? दिवाळीत आईकडे जायचंय, दोन पोरं आणि सामान आहे सोबत.