मे वेलंड बावळट नाही

एडिथ व्हॉर्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स' या कादंबरीतल्या मे वेलंडला बावळट समजणाऱ्या सगळ्यांशी माझं भांडण आहे. त्यात वीस वर्षांपूर्वीची मीही आले. तेव्हा पहिल्यांदा वाचली आणि सगळ्यांसारखीच मीही एलन ओलेन्स्कावर फिदा झाले. मे काय, दिसायला छान, तिरंदाजीत बक्षीस मिळवणारी, डोक्याने बेताची. गेल्या महिन्यात पुन्हा वाचायला घेतली आणि स्वतःचीच लाज वाटली.

(पुढे शेवट फोडला आहे. कादंबरी १९२० सालची आहे, त्यामुळे तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.)

१८७०च्या दशकातलं न्यूयॉर्क. मोजकी श्रीमंत घराणी, सगळी एकमेकांच्या नात्यात. न्यूलंड आर्चर वकील, मेशी त्याचं लग्न ठरलेलं. तेवढ्यात मेची मामेबहीण एलन पोलिश काउंट नवऱ्याला सोडून युरोपातून परत येते आणि घटस्फोट घ्यायचा म्हणते. घरचे आर्चरलाच पुढे करतात, तू वकील आहेस, तूच समजाव. तो समजावतो. ती ऐकते. आणि मग हा पठ्ठ्या तिच्याच प्रेमात पडतो!

या समाजात कुणी कुणावर ओरडत नाही. जे काही व्हायचं ते जेवणाच्या टेबलावर. एलन आली तेव्हा तिच्या काकांनी तिच्यासाठी मेजवानी ठरवली, तर जवळजवळ सगळ्यांचे नकार आले. कारण कुणीच दिलं नाही, फक्त दिलगिरी. शेवटी वॅन डर लायडन या सगळ्यात वरच्या घराण्याने तिला आपल्याकडे जेवायला बोलावलं आणि मग लोक नरमले. आपल्याकडे वाळीत टाकायला निदान पंचायत तरी बसायची. इथे एक चिठ्ठी पुरते.

आणि तीच माणसं शेवटी, एलन युरोपला परत जायला निघते तेव्हा, तिच्या निरोपाच्या जेवणाला झाडून हजर राहतात. हे जेवण मे देते. लग्नानंतरची तिची पहिली मोठी मेजवानी, भाड्याने आणलेला आचारी, उसने आणलेले दोन नोकर, सोनेरी काठाची मेनूकार्डं. एलन आर्चरच्या उजव्या हाताला. सगळे तिच्याशी इतकं गोड बोलतात की आर्चरला मध्येच उमगतं, या सगळ्यांनी आपल्याला आणि एलनला केव्हाच प्रियकर-प्रेयसी ठरवून टाकलंय. जेवण संपतं, वॅन डर लायडन मंडळी एलनला आपल्या गाडीतून घेऊन जातात. त्याला तिच्याशी धड दोन शब्दही बोलता येत नाहीत. मी हे प्रकरण दोनदा वाचलं. रक्ताचा थेंब न सांडता केलेला खून म्हणतात तो हा.

पाहुणे गेल्यावर आर्चर बायकोला सांगू पाहतो की मला लांब कुठेतरी जायचंय. भारतात किंवा जपानला. (हो, आपण पळून जायच्या यादीत आहोत.) मे म्हणते, डॉक्टर मला जाऊ देणार नाहीत, दिवस गेलेत. आजच खात्री झाली. पण एलनला तिने ही बातमी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलेली असते, म्हणून तर एलन निघालेली. तेव्हा खात्री नव्हती, तरी आहे म्हणून सांगितलं, आणि बघ, बरोबरच निघालं ना! हे बोलताना तिचे निळे डोळे पाणावलेले. जिंकल्यामुळे.

आता एडिथ व्हॉर्टनबद्दल. ती याच घराण्यांतली, १८६२चा जन्म, माहेरची जोन्स. नवऱ्याशी पटेना, १९१३मध्ये घटस्फोट घेतला आणि फ्रान्समध्येच राहिली. पहिल्या महायुद्धात निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल फ्रेंच सरकारने तिला 'लेजन ऑफ ऑनर' हा मोठा सन्मान दिला. युद्ध संपल्यावर ही कादंबरी लिहिली, तेव्हा ती सत्तावन्न-अठ्ठावन्नची. कादंबरीच्या शेवटी आर्चर पॅरिसमध्ये एलनच्या घराखाली बाकावर बसून राहतो आणि वर न जाताच हॉटेलवर परततो. त्याचंही वय सत्तावन्नच. हा योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही.

१९२१मध्ये या कादंबरीला पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं बक्षीस मिळालं, कादंबरीसाठी ते मिळवणारी ती पहिली बाई. गंमत अशी की परीक्षकांची पसंती सिंक्लेअर लुइस या कादंबरीकाराच्या 'मेन स्ट्रीट'ला होती, ती हे बक्षीस देणाऱ्या कोलंबिया विद्यापीठाच्या विश्वस्तांनी फिरवली. बक्षिसाचा निकष काय, तर अमेरिकी जीवनातलं निकोप वातावरण आणि उच्च प्रतीची रीतभात! तो जेवणाचा प्रसंग वाचून यांना रीतभात दिसली. मेच्या चेहऱ्याकडे बघून आर्चर जसा फसला, अगदी तसेच हे पुस्तकाकडे बघून फसले. आपल्याला नीतिमत्ता उंचावल्याबद्दल बक्षीस मिळतंय हे कळल्यावर निराशा झाली, असं खुद्द व्हॉर्टनने लुइसला कळवलं. त्यानेही मनात काही न ठेवता पुढची कादंबरी 'बॅबिट' तिला अर्पण केली.

आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. नवरा म्हणतो, मेने त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवलं. मी त्याला बाकावरच्या प्रसंगाआधीचं पान पुन्हा वाचायला लावलं. मे गेलेली आहे, मुलगा मोठा झालाय. तो बापाला सहज सांगतो, मरायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली होती, तुम्ही बाबांजवळ सुरक्षित आहात, कारण एकदा मी मागितलं तेव्हा त्यांनी सगळ्यात हवी असलेली गोष्ट सोडून दिली.

आर्चर म्हणतो, तिने कधी मागितलंच नाही.