दगडाच्या रंगावरून हायवे ओळखणाऱ्यांसाठी

तो मेसेज परत फिरायला लागलाय. 'रस्त्याकडेच्या दगडाचा रंग बघा आणि ओळखा कुठल्या रोडवर आहात, ९९ टक्के लोकांना हे माहीतच नाही' वाला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पिवळा दगड म्हणजे नॅशनल हायवे, हिरवा म्हणजे स्टेट. निळा बोर्ड दिसला की तोही स्टेट हायवेच. दगडावरचं अंतर शहराच्या हद्दीपर्यंतचं. सम नंबरचा हायवे उत्तर-दक्षिण, विषम नंबरचा पूर्व-पश्चिम. आणि देशातला सगळ्यात लांब हायवे म्हणजे एनएच ७, वाराणसी ते कन्याकुमारी. खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

आता एकेक घेऊ.

रंगाचं मूळ खरं आहे, उगाच नाही म्हणणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या डिझाइनमध्ये किलोमीटरच्या दगडाचं डोकं एनएचला पिवळं आणि एसएचला हिरवं रंगवायचं असतं. पण रस्त्याचा दर्जा कागदावर बदलतो आणि दगड तिथंच उभा असतो ना. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे कितीतरी स्टेट हायवे नॅशनल झाले, रंगारी येईपर्यंत हिरवा तो हिरवाच, आणि चौपदरीकरण चालू असेल तर दगड मुरमाच्या ढिगाखाली. दर पाचव्या किलोमीटरचा दगड बाकीच्यांपेक्षा मोठा असतो आणि त्यावर जास्त गावांची नावं असतात, ही खरी कामाची गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाहीच.

निळ्या बोर्डाचं तर काहीच्या काही. पेट्रोल पंप, हॉस्पिटल, खाण्याची सोय, या सगळ्या पाट्या निळ्याच असतात, रोड कुठलाही असो.

अंतर हद्दीपर्यंतचं? मग २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली तेव्हा आजूबाजूचे सगळे दगड खरवडून आकडे कमी करायला हवे होते, केले का कोणी? अंतर गावातल्या एका ठरलेल्या जागेपासून मोजतात. पुण्यात जीपीओच्या, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिसच्या बाहेर झिरो स्टोन आहे, जाऊन बघा. मुंबईत इंग्रजांच्या काळातले मैलाचे दगड फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले होते, काळा दगड आणि वर कोरलेले रोमन आकडे. त्यातले काही अजून फुटपाथच्या कडेला आहेत, पण रस्ता दरवेळी उंच होत गेल्यामुळे गाडले गेलेले, नुसतं डोकं वर.

आता नंबर, आणि खरी गंमत इथे आहे. सम-विषमचा नियम २०१० ला नॅशनल हायवेंना नवे नंबर दिले तेव्हाचा. एनएच ७ वाराणसी-कन्याकुमारी हा त्याच्या आधीचा नंबर. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने नियम नवा घेतला आणि उदाहरण जुनं, आणि त्याच्याच नियमाने ७ हा विषम नंबर असून वाराणसीहून थेट कन्याकुमारीला उतरतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही! आजचा ७ पंजाबातल्या फाजिल्काहून बद्रीनाथकडे जातो. सगळ्यात लांब आहे ४४, श्रीनगर ते कन्याकुमारी, आपल्याकडे नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा असा. कोल्हापूर-साताऱ्याकडे लोक अजून बिनधास्त 'एनएच फोर' म्हणतात, बोलायला काय जातंय, पण तो कधीचाच ४८ झालाय आणि सरकारी यादीतला ४ आता अंदमानात आहे.

बरं, नवा नियम तरी आपल्याकडे सरळ लागतो का? सम नंबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जायला हवेत. कोकणात ६६, ठीक. नागपूरला ४४, तेही ठीक. पण ४८ साताऱ्यातून जातो आणि ५२ सोलापुरातून, आणि सोलापूर साताऱ्याच्या पूर्वेला आहे, म्हणजे क्रम उलटाच झाला. चूक कोणाची नाही, ४८ दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, बंगळूर करत चेन्नईला जातो, एवढ्या वळणावळणाच्या रस्त्याला एकच नंबर दिला की असं होणारच. विषम नंबर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढायला हवेत, आणि ते मात्र आपल्याकडे बऱ्यापैकी शहाण्यासारखे आहेत: धुळे-नागपूरचा ५३, त्याच्याखाली नगर-नांदेडचा ६१, त्याच्याखाली पुणे-सोलापूरचा ६५.

आणि तीन आकडी नंबर आला की सम-विषम सोडूनच द्यायचं. तिथे शेवटचे दोन आकडे बघायचे, ते मूळ हायवेचे असतात, पहिला आकडा नुसता शाखेचा. १६६ म्हणजे ६६ ची शाखा, रत्नागिरी-कोल्हापूर-सांगली-सोलापूर, नंबर सम आणि रस्ता चक्क पूर्व-पश्चिम. १६१ ही ६१ ची शाखा, नंबर विषम आणि रस्ता अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड असा खाली. तिथे पाटी बघून 'विषम आहे, म्हणजे पूर्वेला चाललोय' म्हणत असाल तर सकाळचं ऊन काचेतून समोर येतंय की बाजूच्या खिडकीतून, तेवढं तरी बघा राव.