भाडेकरूसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद हवी

महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २००७ नंतर अठरा वर्षांनी आलेल्या या धोरणाचे घोषवाक्य ‘माझे घर, माझे अधिकार’ असे आहे आणि त्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरे व ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक असे उद्दिष्ट ठेवले आहे. ज्येष्ठ नागरिक, नोकरदार स्त्रिया, विद्यार्थी आणि औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा विचारही त्यात केलेला आहे, आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र ज्या कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा दर महिन्याला खोलीच्या भाड्यात जातो, त्या कुटुंबाला भाडे भरण्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पातून नियमाने मिळेल अशी कोणतीही सर्वसाधारण मदत आजही आपल्याकडे नाही. ती असायला हवी आणि तिचा पैसा सरकारने स्वतः द्यायला हवा, एवढ्याच मुद्द्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे.

सरकारने स्वतः पैसा घालून भाड्याची घरे बांधल्याचा इतिहास मुंबईला नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास, एका खोलीत दोन-तीन कुटुंबे असे तिथले जगणे होते आणि त्याचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. तरीही गिरणी कामगाराला आणि पोलीस शिपायाला कामाच्या जवळ, खिशाला झेपेल अशा भाड्यात राहता येत होते, कारण जमीन सरकारची होती, बांधकामाचा खर्च सरकारने केला होता आणि घरमालकही सरकारच होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानाची योजना आली आणि गृहनिर्माण मंडळाने विक्रोळीचे कन्नमवार नगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर अशा वसाहती वसवल्या. मंडळाच्या वसाहतींतली बरीच घरे सुरुवातीला भाड्याचीच होती. पुढे ती रहिवाशांच्या संस्थांच्या नावे झाली आणि सरकारच्या हातातला भाड्याच्या घरांचा साठा ओसरत गेला, तो पुन्हा भरला गेला नाही.

भाडेकरूला मदत करणे सरकारने थांबवले असे नव्हे, पण ती मदत स्वतःच्या तिजोरीतून करण्याऐवजी परस्पर दुसऱ्याच्या खिशातून करण्याची सवय लागली. आपल्याकडे ज्याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात, तोच हा प्रकार. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते आणि त्यामुळे लाखो कुटुंबे बेघर होण्यापासून वाचली, हे विसरता कामा नये. परंतु तात्पुरती वाटणारी व्यवस्था पन्नास वर्षे टिकली आणि त्या संरक्षणाची किंमत एकट्या घरमालकावर टाकली गेली. त्याने ती दुरुस्ती बंद करून वसूल केली, नवी भाड्याची घरे बांधणे थांबले, घर देताना भाड्याशिवाय मोठी एकरकमी रक्कम घेण्याची पागडीची पद्धत रुजली. अखेर १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ स्थापन करावे लागले, तेव्हा दक्षिण व मध्य मुंबईत अशा उपकर भरणाऱ्या जुन्या १९ हजारांहून अधिक इमारती होत्या. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण ती वाढ मूळच्या नगण्य भाड्यावर होती. भाडेकरूला परवडणारे भाडे आणि इमारत टिकवण्यासाठी लागणारे भाडे यांतला फरक सरकारने त्याच काळात भरून दिला असता, तर गिरगाव, डोंगरी आणि लालबागच्या अनेक इमारतींची आजची अवस्था टळली असती असे माझे ठाम मत आहे.

१९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हा भार वाढीव चटईक्षेत्राच्या, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीच्या रूपाने बाजारावर टाकला गेला. विकासकाने झोपडीधारकाला मोफत घर द्यायचे आणि त्याचा खर्च विक्रीच्या घरांतून काढायचा, अशी ती रचना आहे. बाजार तेजीत असतो तोवर ती चालते. मंदी आली की काम थांबते, नवे घर होईपर्यंत रहिवाशांना द्यायचे भाडे विकासक बंद करतो आणि झोपडी रिकामी करून दिलेले कुटुंब रस्त्यावर येण्याच्या बेतात असते. या तक्रारी इतक्या वाढल्या, की दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची आणि पुढच्या वर्षाचे धनादेश आधीच देण्याची अट विकासकांवर घालावी लागली. त्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्याचे हाल याहून वाईट असतात. बहुतेक वेळा झोपडीचा मालक पात्र ठरतो आणि वर्षानुवर्षे तिथे राहून भाडे भरणाऱ्याचे नाव कुठल्याच यादीत येत नाही. वस्ती पाडली जाते त्या दिवशी तो पुढच्या वस्तीत खोली शोधायला निघतो.

२००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची मोठी योजना आखली, तिचे हेतू चांगले होते. विकासकाने जादा चटईक्षेत्राच्या बदल्यात १६० चौरस फुटांची घरे बांधून प्राधिकरणाला द्यायची आणि प्राधिकरणाने ती अल्प भाड्याने द्यायची, असे ठरले होते. पुढच्या काही वर्षांत ही योजना मालकी हक्काच्या परवडणाऱ्या घरांकडे वळवण्यात आली. तयार झालेल्या घरांपैकी काही दोन-दोन जोडून गिरणी कामगारांसाठी ठेवली गेली, पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली. ठाण्यात काही घरे धोकादायक इमारतींतून आणि रस्तारुंदीकरणातून उठवलेल्या कुटुंबांना मिळाली. गिरणी कामगारांना घर मिळाले याबद्दल मला तक्रार असण्याचे कारणच नाही, त्यांचा हक्क फार आधीचा आहे. पण पाच-सात वर्षांसाठी शहरात येऊन हातपाय रोवू पाहणाऱ्या माणसासाठी असलेली ही एकमेव मोठी योजना होती, आणि तिच्यामागे पैशाची कायमची तरतूद नसल्यामुळे ती पहिल्या अडचणीतच मूळ उद्देशापासून दूर गेली.

टाळेबंदीत हे सर्वांत स्पष्टपणे दिसले. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये. सूचना माणुसकीची होती. परंतु ढकललेले भाडे माफ होत नाही. ज्याचे काम बंद पडले होते त्याच्या डोक्यावर तीन महिन्यांचे देणे साचले आणि एकाच खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवा घरमालकिणीलाही कुणी काही दिले नाही. त्या काळात शहर सोडून पायी निघालेल्या अनेकांनी भाड्याचे कारण सांगितले होते. दरमहा दोन-तीन हजार रुपये थेट मिळाले असते तर त्यांतली कितीतरी माणसे थांबली असती.

‘भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा स्वतःचे घर घ्या’ हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक जण देतो आणि सरकारी योजनाही त्याच विचारावर आधारलेल्या आहेत. तो सल्ला आकड्यांवर तपासून पाहावा. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा आता वर्षाला सहा लाख रुपये आहे. म्हाडाच्या २०२३ च्या मुंबईतील ४,०८२ घरांच्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी येथील या गटाचे घर सुमारे ३० लाखांचे होते आणि संपूर्ण सोडतीसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले होते. २७ लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता २४ हजारांच्या वर जातो. चार घरची धुणीभांडी करून पंधरा-अठरा हजार मिळवणारी स्त्री आणि महिन्याला पन्नास हजार कमावणारा माणूस कागदावर एकाच गटात बसतात, पण पगारपत्रक नसलेल्या तिला कोणतीही बँक दारात उभी करत नाही. देशातील शहरी घरटंचाई मोजणाऱ्या २०१२ च्या तज्ज्ञगटाने सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची कमतरता सांगितली होती आणि त्यातील ९६ टक्के टंचाई दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत होती. त्याच्या आदल्या वर्षीच्या जनगणनेत मुंबईत जवळपास पावणेपाच लाख घरे रिकामी आढळली होती. म्हणजे नुसती आणखी घरे बांधत गेल्याने ही टंचाई भरून निघणार नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळून घरामागे अडीच लाख रुपये दिले जातात. लहान गावात, स्वतःची जागा असलेल्या कुटुंबाला त्यातून खरोखर घर उभारता येते आणि ती योजना तिथे जोमाने चालावी. मुंबई, ठाणे, पुण्यात मात्र अडीच लाखांनी घर आवाक्यात येत नाही. तीच रक्कम दरमहा चार हजारांप्रमाणे भाडेसाहाय्य म्हणून दिली तर एका कुटुंबाला पाच वर्षे पुरते. या पाच वर्षांत मुलांची शाळा बदलत नाही, दर अकरा महिन्यांनी सामान हलवावे लागत नाही आणि दर करारामागे एजंटला एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली द्यावी लागत नाही.

सरकारला भाडे देणे जमत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ज्यांनी संक्रमण शिबिराऐवजी भाडे घेण्याचा पर्याय निवडला, त्यांना म्हाडा दरमहा २५ हजार रुपये देते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून ज्यांना माहुलच्या रासायनिक कारखान्यांशेजारी पाठवले गेले, त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये राज्य सरकारला दिला होता. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये थेट खात्यात जमा होतात आणि त्यातील २० हजार रुपये निवासासाठी धरलेले आहेत. ही रक्कम वेळेवर मिळत नाही अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते आणि ती दूर झालीच पाहिजे, पण पद्धत अस्तित्वात आहे. भाडेसाहाय्याचा दर ठरवणे, पात्रता तपासणे, पैसे खात्यात टाकणे, हे सारे राज्याने कुठे ना कुठे करून पाहिलेले आहे.

सर्वांत तातडीची गरज धोकादायक इमारतींची आहे. दर पावसाळ्याआधी महापालिका नोटिसा लावतात, वीज-पाणी तोडतात आणि तरीही माणसे तिथेच राहतात. २०१३ मध्ये मुंब्र्याजवळच्या लकी कंपाउंडमधील बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले, २०२० मध्ये भिवंडीतील जिलानी इमारतीत सुमारे ४० जण गेले. अशा घटनांनंतर बहुतेकदा ‘नोटीस दिली होती’ हे वाक्य ऐकू येते आणि ते मला असह्य होते. घर सोडायला सांगताना त्याच दिवशी हातात तीन महिन्यांची अनामत आणि पहिल्या वर्षाचे भाडे दिले, तर कोणतीही आई आपली मुले तडे गेलेल्या छताखाली झोपवणार नाही. भाडेसाहाय्याची सुरुवात या कुटुंबांपासून करावी. त्यानंतर एकट्या स्त्रिया, निवृत्तिवेतन नसलेले वृद्ध आणि सरकारी प्रकल्पांत उठवले गेलेले भाडेकरू यांना त्यात घ्यावे.

सरकार मदत देऊ लागले की घरमालक भाडी वाढवतील, हा आक्षेप खरा आहे. घरे तेवढीच राहिली तर तसे होईल, म्हणून भाडेसाहाय्याच्या जोडीने सरकारी मालकीच्या आणि कधीही न विकल्या जाणाऱ्या भाड्याच्या घरांवरही खर्च केला पाहिजे. दुसरी अडचण कागदांची आहे. भाडेकराराची नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे, पण वस्तीतल्या खोलीचा करार नोंदवला जात नाही, कारण मालकाकडेच पुरेसे कागद नसतात. अशा ठिकाणी नोंदणीकृत कराराचा आग्रह धरला तर सर्वांत गरजू माणूसच गळेल. शिधापत्रिका, मुलांच्या शाळेचा दाखला आणि वॉर्ड कार्यालयाची प्रत्यक्ष पाहणी यांवर पात्रता ठरवता येईल.

सरकारी मालकीच्या घरांबाबत २०२० च्या केंद्रीय भाडे गृहसंकुल योजनेचा अनुभव लक्षात ठेवावा. जुन्या नागरी योजनांतून बांधलेली देशभरातील ८० हजारांहून अधिक घरे रिकामी पडली होती, ती भाड्याने द्यायची होती, पण त्यांतली फारच थोडी वापरात आली. कामापासून दूर, बससेवा नसलेल्या, दारे-खिडक्या चोरीला गेलेल्या इमारतीत कुणी स्वस्तातही राहायला जात नाही. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांची दशा आपण पाहतोच. म्हणून घरे बांधण्याच्या तरतुदीबरोबरच दरवर्षीच्या देखभालीची रक्कम वेगळ्या लेखाशीर्षाखाली दाखवली जावी आणि ती इतर खर्चाकडे वळवता येऊ नये. ही घरे सांभाळण्यासाठी भाडे गोळा करणारी, गळती दुरुस्त करणारी, रिकामे घर आठवड्याभरात पुढच्या कुटुंबाला देणारी वेगळी यंत्रणा लागेल. घरे विकण्यात मुरलेल्या कार्यालयाकडे हे काम जादा भार म्हणून देऊ नये. पहिली काही हजार घरे बांधण्यासाठी जमीन शोधत हिंडण्याचीही गरज नाही, कारण एसटीचे डेपो, बंद पडलेली सरकारी गोदामे आणि महापालिकांचे राखीव भूखंड शहराच्या मध्यभागीच आहेत आणि आज त्यांच्या लिलावाचेच बेत आखले जात आहेत.