पत्ता मिळाला, फाईल नाही

आमच्या दारव्ह्याकडच्या शाळेतल्या संगणकांच्या हार्डडिस्क लाइनीच्या ये-जा करण्यानं एकेक करून मेल्या. मला लिनक्स येतं ही बातमी कुणीतरी फोडली. मग ठरलं, एक धड मशीन सर्व्हर, बाकीची बिनडिस्कची, नेटवर्कवरून सुरू होणारी.

कागदावर हे फार देखणं आहे. मशीन उठतं आणि नेटवर्कवर हाक मारतं, ‘माझा पत्ता काय?’ डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारा, पत्ता देतो, सुरू होण्यासाठी लागणाऱ्या बूट फाईलचं नाव सांगतो. ती फाईल टीएफटीपी या साध्यासुध्या हमालाकडून येते, मागोमाग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि शेवटी एनएफएसवरून, म्हणजे सर्व्हरच्याच डिस्कवरून, अख्खी फाईलसिस्टीम. यातली बूट फाईल येईपर्यंतची रीत म्हणजे पीएक्सई; ती इंटेलनं १९९९ च्या आवृत्तीत लिहून ठेवली आहे. आमची शाळा त्यांनी पाहिली नसावी.

पडद्यावर उमटलं : पीएक्सई-ई५३. म्हणजे पत्ता मिळाला, फाईलचं नाव मिळालं नाही. आमच्या सर्व्हरवर पत्ते वाटणाऱ्या डीएनएसमास्कमध्ये नाव तर ठळक लिहिलेलं!

नेटवर्कवरचं बोलणं ऐकणारा टीसीपीडम्प लावला तेव्हा कळलं, उत्तर भलताच देत होता : मुख्याध्यापकांच्या खोलीतला वायफाय राउटर. एसटी स्टँडवर पत्ता विचारला की ज्याला ठाऊक असतं तो अजून खर्रा थुंकतच असतो, आणि ज्याला काही ठाऊक नसतं तो हात दाखवून मोकळा होतो. तसंच हे. राउटर बंद केला, तर आतून आवाज आला, “काहून बंद केलं जी? कापसाचा भाव पाहून रायलो होतो!” शेवटी राउटर चालू ठेवून त्याची फक्त पत्तेवाटप थांबवली.

मग ई३२, म्हणजे फाईल मागितली, पण टीएफटीपीचं उत्तरच नाही. टीएफटीपीला ना पासवर्ड, ना ओळखपत्र. एवढ्या भोळ्या जिवाला फायरवॉलनं यूडीपी ६९ या त्याच्याच दारात धरलं होतं. त्याला सोडवलं, तर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलनंच हात टेकले. रूट, म्हणजे सर्व्हरवरची मूळ फाईलसिस्टीम, सापडेना, कारण कर्नलसोबत येणाऱ्या इनिटरामएफएस नावाच्या शिदोरीत नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच नव्हता. ज्या कार्डावरून कर्नलसाहेब आले, तेच कार्ड त्यांना ओळखू येईना!

अखेर सगळे पडदे उजळले. पोट्टे टक्स पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रामवर तुटून पडले. आणि एकदम सगळं जागीच थिजलं. पडद्यावर ओळ : एनएफएस सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे.

मी सर्व्हरकडे धावलो. शिपाईभाऊ त्याच बोर्डाजवळ, हातात उपसलेली पिन घेऊन उभे.

“तुमाले लय गरमी होऊन रायली म्हून कूलर लावला जी.”