पुरलेली लेकरं आणि ‘मूळ कोण’चा वाद

दर थोड्या दिवसांनी आपल्याकडे तोच वाद पेटतो. महाराष्ट्राचे मूळ लोक कोण? आधी कोण आलं, मागाहून कोण आलं? कुठल्या तरी उत्खननातल्या सांगाड्याचा फोटो टाकतात आणि त्याखाली आपल्या समाजाचं नाव लिहून मोकळे होतात. मला याचा फार त्रास होतो. त्या मातीखाली जे सापडलंय ते इतकं जिव्हाळ्याचं आहे, की त्यावर सातबारा चढवायला निघालेली माणसं बघवत नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे पुरातत्त्वज्ञ ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती.

या लोकांचं लेकरू गेलं की ते त्याला गावाबाहेर नेत नसत. घरातच जमीन खणायचे. दोन रुंद तोंडाचे मातीचे रांजण आडवे ठेवून तोंडाला तोंड लावायचे आणि आत ते इवलं शरीर. सोबत एखादं तोटीचं भांडं, एखादा वाडगा. मग वरून माती लोटून जमीन पुन्हा सारखी करायची आणि त्याच जमिनीवर चूल पेटवायची, निजायचं. आईच्या अंथरुणापासून हात-दोन हातांवर तिचं मूल. हे वाचल्यापासून ‘प्रागैतिहासिक’ हा शब्द मला कोरडा वाटत नाही.

मोठ्यांना खड्ड्यात उताणं ठेवायचे, डोकं उत्तरेला. पण घोट्याखालचे पाय तोडलेले असायचे. मेलेल्याने उठून जाऊ नये, घर सोडू नये म्हणून, असा अर्थ अभ्यासक लावतात. मलाही तोच पटतो. एक माणूस मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत सापडला, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा.

मेलेल्यांना असं धरून ठेवणाऱ्या या माणसांवरच पुढे हलण्याची वेळ आली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं असं ढवळीकरांनी मांडलं. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली बरीच गावं ओस पडली. इनामगाव टिकलं, पण ऐपत गेली. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेरडं-मेंढरं घेऊन फिरणं वाढलं. तरीही झोपडीच्या जमिनीखाली लेकरासाठी रांजण पुरणं सुटलं नाही. घराचा आकार बदलला, पोटापाण्याचा धंदा बदलला, पण मेलेल्याला निरोप द्यायची रीत त्यांनी तशीच धरून ठेवली. इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास तीही माणसं गाव सोडून गेली.

ती गेली कुठे, त्यांचं रक्त कोणात उतरलं, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. तान्ह्या बाळाला न जाळता पुरायची रीत आजही आपल्याकडे अनेक समाजांत आहे. म्हणून आपण थेट त्यांचेच वारस, असं म्हणायला मी धजावणार नाही. एवढं मात्र म्हणेन की स्थलांतर करणारा माणूस घरदार मागे टाकतो आणि आपले मेलेले सोबत नेतो. धनगरांच्या वाड्यावर देवघरातले टाक बघा, म्हणजे देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमा. ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याला नाहीतर अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाव गाठायला का तडफडतात ते बघा. अखितीला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर आजही घरोघरी मांडली जाते.

विदर्भाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. मोठाले दगड गोलाकार मांडलेले, आत थडगं, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तिथे खोदकाम केलं होतं. पुढे नागपूर जिल्ह्यातच माहुरझरीला घोड्यांची हाडं आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. ही वर्तुळं उभारणाऱ्या लोकांची राहती गावं फार थोडी सापडतात, थडगी मात्र ठिकठिकाणी. गुरंढोरं घेऊन फिरणाऱ्यांनी परत येण्यासाठी पक्की जागा म्हणून ती वर्तुळं उभी केली असावीत, असं मला वाटतं.

आता त्यातली कितीतरी वर्तुळं नांगराखाली, खाणीत आणि वाढत्या शहराखाली गेली. मूळ कोण यावर हजार कमेंट पडतात, पण हे दगड उचलले जातात तेव्हा कोणी हूं की चूं करत नाही. नागपूरकरांनो, काटोल रोडने जाताना एकदा जुनापाणीला थांबा, पोरांना दाखवा. आणि कुणाच्या शेतात असं वर्तुळ असेल तर दगड हलवण्याआधी पुरातत्त्व खात्याला किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागाला कळवा.