बाथरूमची ‘सात सूत्रं’ पुढे पाठवण्याआधी चौथं सूत्र नीट वाचा

‘मास्टर बाथरूम अर्ध्या खर्चात : कंत्राटदार लपवतात ती सात सूत्रं’ असा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्या नाशिकच्या आत्याला तो भिशीच्या ग्रुपवरून आला. बेडरूमला लागून असलेलं बाथरूम तिला नव्याने करायचंच आहे, त्यामुळे तिने लगेच मिस्त्रीला फोन लावला : झरोका बुजवा, गॅस गीझर आत घ्या. तोडफोड अजून सुरू झाली नव्हती म्हणून निभावलं. आत्याची समजूत घातली, पण त्या ग्रुपवरच्या बाकीच्यांना कोण सांगणार? म्हणून हे लिहितोय.

सूत्रं क्रमाने घेत नाही. आधी चौथं, कारण त्याने माणूस दगावतो. संदेशात लिहिलंय : ‘झरोका बंद करून तिथे आरशाचं कपाट घ्या. गॅस गीझर बाथरूममध्येच बसवा, पाइप कमी लागतो. हवेला दाराखालची फट पुरते.’

पुरत नाही. हिशोब साधा आहे. 7 बाय 5 फुटांचं, 8 फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवा मावते सुमारे 8 घनमीटर. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण आचेवर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. म्हणजे त्या खोलीतली सगळी हवा पाऊण तासाच्या आत संपेल. पण तितका वेळ लागतच नाही. ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांनी उतरला की गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीला मुद्दाम वास मिसळलेला असतो, तो गळला तर कळतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि गरम पाण्याने जरा सुस्ती आली असेल असं वाटेपर्यंत कडी काढायची ताकद उरत नाही. दार आतून बंद, बाहेरच्यांना पाण्याचा आवाज येत राहतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या छापून येतात आणि तरीही हा सल्ला ‘पैसे वाचवा’ म्हणून फिरतो, याची चीड येते.

एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल, असं आत्याने विचारलं. नाही चालणार. झरोका बुजवल्यावर पंख्याला आत घ्यायला ताजी हवाच नसते. गॅस गीझर हवाच असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत लावायचा आणि गरम पाण्याची लाइन आत आणायची. पाइप दहा-पंधरा फूट जास्त लागेल, लागू दे. नाहीतर विजेचा साठवणीचा गीझर घ्या, चांगल्या अर्थिंगसह आणि 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच).

झरोक्याचं म्हणणं माझ्या पदरचं नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बाथरूमची किमान एक भिंत बाहेरच्या हवेकडे उघडणारी असावी अशी अपेक्षा आहे. जमीन पाणी न झिरपणारी हवी आणि तिचा ढाळ निचऱ्याकडे हवा, हेही तिथेच आहे. दुसरं सूत्र नेमकं यावरच आपटतं.

‘इपॉक्सी ग्राउट भरलं की वॉटरप्रूफिंगची गरज नाही,’ असं हे दुसरं सूत्र सांगतं. ग्राउट टाइल्सच्या मधल्या सांध्यात असतं. पाणी उतरतं ते नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीच्या) कडेने, कमोडच्या पाइपभोवती, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात. तिथे खालचा थरच पाणी अडवतो. लादी उखडून कोबा (तिच्याखालचा सिमेंटचा थर) उघडा पडला की वॉटरप्रूफिंगचं कोटिंग भिंतीवर निदान फूटभर चढवून घ्या, ट्रॅपचं तोंड बांधा आणि दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा. खालच्या घरी स्वतः जाऊन छत बघा. मिस्त्री ‘कशाला ताई, आम्ही आहोत ना’ म्हणेल, तरी तुंबवा. पुढे खालच्यांच्या छताला ओल आली तर बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे तुमच्याच माथी येतो.

पहिलं सूत्र, जुन्या लादीवरच नवी लादी, अर्धं खरं आहे हे मान्य करावं लागेल. भिंतीवरची जुनी टाइल पक्की असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर योग्य ॲडेसिव्हने वर दुसरी बसते. तेवढ्यासाठी अख्खी भिंत फोडायला मीही सांगणार नाही. जमिनीवर मात्र हे करू नका. उंची वाढते, पाणी उंबरठ्यावरून बेडरूममध्ये येतं आणि जुन्या लादीखाली काय कुजलंय ते दिसतच नाही.

तिसरं सूत्र : ‘कमोड हवा तिथे सरकवा.’ कमोडच्या 110 मिमीच्या पाइपला उतार लागतो. बाथरूमचा स्लॅब पाइपसाठी आधीच खाली घेतलेला नसेल तर जितका दूर न्याल तितकी जमीन उचलावी लागेल. तो खर्च वेगळा सांगायला नको.

पाचवं : ‘जमिनीला मोठ्या चकचकीत टाइल्स घ्या, सांधे कमी.’ आत्याचे गुडघे आणि साबणाचं पाणी, एवढंच मी तिला म्हटलं. शिवाय 2 बाय 4 फुटांच्या टाइलला चारही बाजूंनी ट्रॅपकडे ढाळ देता येत नाही. एक तर ती तिरकी कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचतं. भिंतीला हव्या तेवढ्या मोठ्या घ्या, जमिनीला 1 बाय 1 फुटाची, न घसरणारी (अँटिस्किड), चकाकी नसलेली मॅट टाइलच.

काचेचं पार्टिशन म्हणजे फुकटचा खर्च, असं सहावं सूत्र म्हणतं. काच नको तर पडदा लावा, पण कमोडकडची बाजू कोरडी राहिली पाहिजे.

सातव्यात काळे नळ घेऊ नका असं आहे. बरोबर आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार काळ्या फिटिंगवर चार दिवसांत उठून दिसतात आणि घासायला गेलं की कोटिंगच उडतं. आत्याकडेही बोअरचंच पाणी आहे. साधे क्रोमचे नळ घ्यायला सांगितलेत तिला, आणि फरकाचे पैसे वॉटरप्रूफिंगकडे वळवायला.