‘जप्त’ म्हणजे सरकारजमा नव्हे

सध्या एक निरोप जोरात फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर असा: ‘पोलिसांनी एकदा वस्तू जप्त केली की ती सरकारची. केस संपेपर्यंत गाडी, दागिने विसरा. नव्या कायद्यात तर पोलिसांना घर सील करायचा, खातं गोठवायचा आणि सगळं विकून पैसे वाटायचाही अधिकार मिळालाय, कोर्टाचा काही संबंध नाही. त्यामुळे ठाण्यातच मिटवा आणि वस्तू हातात आली की लगेच विकून मोकळे व्हा.’

मुद्देमाल परत मिळण्याचे अर्ज लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे लिहितोय. या निरोपातला खातं गोठवण्याचा भाग खरा आहे, विकून वाटण्याचा भाग अर्धवट आहे आणि बाकीचं चूक आहे.

घोळाचं मूळ आपल्या ‘जप्त’ या शब्दातच आहे. पोलिस पुरावा म्हणून वस्तू ताब्यात घेतात ती जप्ती. मालमत्ता विकायला, गहाण टाकायला मनाई होते ती टाच. आणि मालकीच संपते ते सरकारजमा होणं. आपण तिन्हीला ‘जप्त’ म्हणतो, बातम्याही तसंच म्हणतात. ‘ईडीकडून अमुक कोटींची मालमत्ता जप्त’ असं वाचलं की वाटतं, गेली. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा तात्पुरती टाच असते. १८० दिवसांत अभिनिर्णय प्राधिकरणानं (अशी टाच बरोबर की चूक हे तपासणाऱ्या यंत्रणेनं) कायम केली नाही तर ती उठते, आणि सरकारजमा करायचं की नाही हे पुढे विशेष न्यायालय ठरवतं. पोलिसांच्या साध्या जप्तीत तर मालकीला धक्काही लागत नाही. ताबा तेवढा बदलतो, आणि तोही कोर्टाला उत्तर देण्याच्या बोलीवर.

आता ‘केस संपेपर्यंत विसरा’. माझ्या एका अशिलाची दुचाकी चोरीला गेली आणि महिन्याभरात सापडली. त्यांनी आठ महिने काहीच केलं नाही, कारण मेहुण्यानं हाच निरोप वाचून दाखवला होता. आम्ही ठाण्याच्या आवारात पाहायला गेलो तेव्हा सीट फाटून आत गवत उगवलेलं, बॅटरी गायब, आणि हँडलला सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठीवरचा गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पावसानं पुसट झालेला. दुसऱ्या दिवशी अर्ज टाकला. सोबत आरसी, विमा, ओळखपत्र. कोर्टानं तपास अधिकाऱ्याचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. तो दोन ओळींचा आला: अर्जदार मूळ मालक आहे, अटींवर देण्यास हरकत नाही. तिसऱ्या तारखेला आदेश झाला. गाडी आठ महिने अडकली होती ती कायद्यामुळे नव्हे, अर्जच नव्हता म्हणून. (बॅटरी मात्र आजतागायत सापडलेली नाही.)

आणि हे काही त्या न्यायाधीशांचं औदार्य नव्हतं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलंय की जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं सडवत ठेवण्यात काही अर्थ नाही. फोटो काढा, सविस्तर पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि देऊन टाका. मुद्देमाल पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त ठाण्यात राहू नये, अशी अपेक्षाही त्यात आहे. गंमत म्हणजे तो खटला उभा राहिला तोच पोलिसांवरच्या आरोपांतून: ठाण्यातला मुद्देमाल बदलला, रक्कम हडप केली, परस्पर लिलाव केला. म्हणजे वस्तू लवकर परत द्यायची ती मालकाच्या सोयीसाठी, तशीच ठाण्यातल्या मोहापासून वाचवण्यासाठीही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं यात मुदतीही घातल्या. कलम ४९७ प्रमाणे वस्तू कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचं वर्णनपत्र करायचं, फोटो आणि गरज असेल तर चित्रीकरण करायचं, आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. खटल्यात पुरावा म्हणून ते वर्णनपत्र आणि फोटो चालतात. या तारखा सगळीकडे पाळल्या जातात असं म्हणायला मी धजावणार नाही, पण अर्जात हे कलम लिहिलं की फरक पडतो. वस्तू कोर्टापुढे हजरच केली नसेल तर कलम ५०३ खाली अर्ज करता येतो.

घर सील करण्याचं म्हणाल तर निरोप लिहिणारा कायद्याच्या नेमका उलट बोलतोय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२, आताचं १०६, ‘कोणतीही मालमत्ता’ ताब्यात घ्यायला परवानगी देतं. त्यात घर-जमीन येते का, हा प्रश्न आपल्याच राज्यातून वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं बहुमतानं नाही म्हटलं, आणि २०१९ मध्ये नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. या कलमाखाली तपास अधिकारी खरेदीखत, करारनामा अशी कागदपत्रं नेऊ शकतो. दाराला कुलूप ठोकू शकत नाही. ठेवीदारांच्या फसवणुकीसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा किंवा ईडी वापरते तो मनी लाँडरिंगविरोधी कायदा वेगळा. तिथे घरावर टाच येऊ शकते, पण त्याची आपली स्वतंत्र रीत आहे.

खातं गोठवतात, हे खरंच. तापस नियोगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बँक खातं म्हणजे मालमत्ताच असं १९९९ मध्ये सांगितलं, तेव्हापासून यावर वाद उरलेला नाही. पण ‘कोर्टाचा संबंध नाही’ हे खोटं. जप्तीची खबर तत्काळ दंडाधिकाऱ्याला द्यावीच लागते. मात्र एक भाबडी समजूतही दूर करतो: खबर उशिरा दिली म्हणून गोठवणं आपोआप रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय. त्यामुळे ‘खबर दिली नाही, सोडा खातं’ एवढ्यावर थांबू नका. त्या पैशाचा गुन्ह्याशी संबंध नाही हे पगारपत्रक, बिलं, व्यवहाराचे कागद लावून दाखवा. सगळं खातं नको, संशयाची रक्कम तेवढीच अडवा, अशी मागणीही त्याच अर्जात करता येते.

राहिलं ‘विकून पैसे वाटायचा अधिकार’. हे अर्धवट ऐकून लिहिलंय, आणि यातच खरी काळजीची गोष्ट सुटलीय. नवं कलम १०७ गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेबद्दल आहे. तपास अधिकाऱ्यानं पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांची मंजुरी घ्यायची आणि कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट संबंधिताला १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढतं, म्हणणं ऐकतं. मालमत्ता गुन्ह्यातलीच ठरली तर वाटप जिल्हाधिकारी करतात, तेही ६० दिवसांत आणि नुकसान झालेल्यांना त्या-त्या प्रमाणात. दावेदार नसतील किंवा वाटून काही उरलं तरच ते सरकारजमा. पोलिसांच्या हाती अर्ज आहे, हातोडा नाही.

मला खटकतं ते वेगळंच. या कलमाला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. नोटिशीनं हेतूच फसेल असं वाटलं तर कोर्ट आधी एकतर्फी टाच लावू शकतं, आणि नोटीस मिळूनही १४ दिवसांत हजर झाला नाहीत तर एकतर्फी आदेशही होऊ शकतो. म्हणजे ‘कोर्टाचा संबंध नाही’ समजून नोटीस टेबलावर पडू देणाऱ्याचंच नुकसान.

पोलिसांना परस्पर लिलाव करता येतो तो किती, हेही पाहा. माल नाशवंत हवा, हक्कदार अज्ञात किंवा गैरहजर हवा आणि किंमत ५०० रुपयांपेक्षा कमी हवी. तरीही अधीक्षकांचा आदेश लागतो. जुन्या कायद्यातला हा ५०० चा आकडा नव्यातही तसाच उतरवलाय. भाजीची एक मोठी पाटीसुद्धा त्यात बसायची नाही.

घरझडती असेल तर तिथे हजर राहण्याचा आणि पंचांच्या सहीच्या यादीची प्रत घेण्याचा हक्क त्या घरात राहणाऱ्याला आहे. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही करायचंय. कोऱ्या कागदावर सही मात्र करू नका.

आणि आता तो शेवटचा सल्ला, हातात आली की विकून टाका. वस्तू मिळते ती सुपुर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाला लिहून दिलेल्या बंधपत्रावर. त्यात आपणच लिहून दिलेलं असतं की खटला संपेपर्यंत विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करीन. त्या दुचाकीवाल्या अशिलांनी आदेश हातात पडल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हाच: ‘आता ओएलएक्सवर टाकू का?’ अट मोडली तर भरावी लागणारी बंधपत्रातली रक्कम मी त्यांना बोट ठेवून दाखवली. गाडी अजून त्यांच्याकडेच आहे, नवी बॅटरी घालून.